वर्ग मोबाईलवर, मूल समोर

आमच्या बहिणीची मुलगी मोहल्ल्यातल्या एका बालवाडीत शिकवते. बारावी झाली, लग्न झाले, पदरात दोन वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी तिने बालशिक्षणाच्या एका ऑनलाइन वर्गात नाव घातले. आम्हाला फार आनंद झाला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "खाला, पहिला स्वाध्याय परवा द्यायचाय. मुलगी तापाने फणफणलीय. तुम्ही बी.एड. आहात, तुम्हाला हे सगळे पाठ असेल. एवढा एकच लिहून द्या ना."

आणि आम्ही तो लिहून दिला. इशाची नमाज झाल्यावर बसलो आणि बारा वाजेपर्यंत चार पाने भरली. फ्रोबेलची बालवाटिका आली, माँटेसरीबाईंची साधने आली, खेळातून शिक्षण आले. अक्षरही वळणदार काढले. तिने त्या पानांचे फोटो पाठवून दिले.

आठ दिवसांनी स्वाध्याय परत आला, दहापैकी चार गुण. खाली शिक्षिकेचा शेरा होता. उत्तर नीटनेटके आहे, पण तुमच्या बालवाडीतले एकही मूल यात दिसले नाही, असा त्याचा मतलब होता. भाचीने तो फोनवर वाचून दाखवला आणि आमच्या तोंडून शब्द फुटेना. वीस वर्षे आम्ही मुलांच्या वह्या तपासतो. आईने किंवा मोठ्या भावाने करून दिलेला प्रकल्प आम्ही दुरून ओळखतो आणि पालकसभेत त्यावर भाषणही देतो. आता आम्हीच त्या रांगेत उभे होतो.

या महिन्याचे सदर त्या शरमेतून लिहीत आहोत. आपल्या घरांतल्या कितीतरी मुली, सुना आणि बालवाडीताई आता असे वर्ग करू लागल्या आहेत. त्यांच्याकडून नेमके काय मागितले जाते, हे त्यांना माहीत नसते आणि घरच्यांना तर त्याहून नसते.

वर्ग अंगणात आला

आधी थोडे मागे जाऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते वाढवले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहिल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

आता शिकवणाऱ्या बाईचा वर्गही तिच्या अंगणात आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ही पाच वर्षे पायाभूत टप्पा मानली आहेत. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, असे त्यात म्हटले आहे. हे शिक्षण टीव्ही आणि स्मार्टफोनवरून, हातातले काम न सोडता घेता यावे आणि महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग भरावा, असेही नमूद आहे. म्हणजे धोरण करणाऱ्यांनासुद्धा नुसत्या मोबाईलवर हे शिक्षण पुरे होईल असे वाटलेले नाही. कुणीतरी समोर बसून विचारलेच पाहिजे.

आपल्याकडे चार वर्षे, चार महिने, चार दिवसांच्या मुलाची बिस्मिल्लाखानी करतात. नवे कपडे, हार, मिठाई, आणि मांडीवर बसवून पहिले अक्षर. मुलाच्या इल्मची सुरुवात साजरी करावी, एवढी समज आपल्या वाडवडिलांना होती. त्या मुलाला शिकवणारी बाई स्वतः कशी शिकते, तिकडे मात्र आपले लक्ष कमी पडते.

काय काय करावे लागते

सरकारच्या स्वयम् मंचावरच्या अभ्यासक्रमांचे चार भाग असतात: दृक्‌श्राव्य पाठ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चा. इतर ठिकाणी नावे बदलतात, पण साचा साधारण हाच. भाचीच्या वर्गात दर आठवड्याला एक पाठ पाहायचा आणि दहा-बारा पाने वाचायची असत. बुधवारी रात्रीपर्यंत चर्चेच्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर द्यायचे आणि शनिवारपर्यंत दोन सोबतिणींच्या उत्तरांवर लिहायचे. महिन्याला एक स्वाध्याय आणि शेवटी एका मुलाच्या निरीक्षणांची वही.

वेळेचा हिशेब आधीच करा. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वाचन, ऐकणे, लिहिणे सगळे त्यात आले. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. सोळा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साडेसात तास, म्हणजे रोज तासाभराहून थोडा जास्त वेळ. एका विषयाचा हा हिशेब आहे, दोन विषय घेतले तर दुप्पट. "मोबाईलवर तर आहे, स्वयंपाक करता करता होईल," असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

भाचीच्या घरी फोन दोन आणि माणसे सहा. नवऱ्याची पाळी बदलली की फोनही घराबाहेर. तिने पाठ पाहायची वेळ फजरनंतरची धरली, कारण तेव्हा फोन मोकळा असतो आणि मुलगी झोपलेली असते. रमजानमध्ये तेही गणित कोलमडले. मग तिने शिक्षिकेला आधीच लिहून कळवले आणि दोन दिवसांची मुदत मागून घेतली. मुदत टळून गेल्यावर सबबी सांगण्यापेक्षा आधी मागणे केव्हाही बरे. बहुतेक शिक्षक अशा वेळी समजून घेतात. आम्हीही घेतो.

पाहिले ते लिहावे

बालशिक्षणाच्या वर्गात सर्वांत अवघड जाते ते निरीक्षण. आपल्याला मत देण्याची सवय आहे. मूल दोन मिनिटे दिसले की लगेच म्हणतो हुशार आहे, हट्टी आहे, चंचल आहे, आजोबांवर गेले आहे. वर्गाला हे नको असते. मुलाने काय केले, काय म्हटले, किती वेळ केले, एवढेच हवे असते. अर्थ नंतर आणि वेगळा लिहायचा.

भाचीने दुसऱ्या स्वाध्यायासाठी जाऊबाईंच्या चार वर्षांच्या मुलाला निवडले. पहिल्या खेपेला तिने एकच ओळ लिहिली: मुलगा हुशार आहे पण एका जागी बसत नाही. आम्ही या वेळी पेन हातात घेतले नाही. फक्त विचारले, "तो किती वेळ बसला, ते तू मोजलेस का?" तिने मोजले नव्हते.

ईदच्या आदल्या संध्याकाळी घरात शीरखुर्म्याची तयारी चालली होती. सासूबाईंनी मेव्याचे ताट पुढे घेतले आणि तो मुलगा शेजारी येऊन बसला. भाचीने वही काढली. तिने जे टिपले त्याचा गोषवारा असा. तो अकरा मिनिटे ताटाशी बसला. बदाम एका वाटीत, खारका दुसऱ्या वाटीत टाकल्या. चारोळी चिमटीत येईना, म्हणून तळहाताने गोळा केली. मनुका दिसल्या की खाल्ल्या. बदाम मोजताना एक, दोन, तीन, चार झाल्यावर सहा म्हणाला. दादीने "पाच?" असे विचारल्यावर हसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. एक बदाम फुटून दोन तुकडे झाला तेव्हा थांबला आणि म्हणाला, "दादी, ये एक हाय का दो?"

एका जागी न बसणारे मूल अकरा मिनिटे बसले होते. वर्गीकरण, मोजणी, बोटांची पकड, आणि अर्धे व पूर्ण यांतला पेच, सगळे त्या ताटात होते. भाची आम्हाला म्हणाली, "खाला, तो रोज माझ्यासमोर असतो आणि मी त्याला पाहिलेच नव्हते." आमच्या चार पानांत नेमके हेच नव्हते. फ्रोबेल होता, पण बदाम नव्हता.

मुलाची अब्रू

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. दुसऱ्याच्या मुलाबद्दल आपण वर्गात लिहितो आणि तिथे चाळीस अनोळखी बायका ते वाचतात. मूल अजून अंथरूण ओले करते, घरात भांडणे होतात म्हणून गप्प असते, वडील बाहेरगावी असतात, हे सगळे नावासकट लिहिले तर ती गीबतच होते, मग ती अभ्यासाच्या नावाखाली का असेना.

म्हणून नियम ठेवावा. मुलाचे नाव लिहू नये. 'मूल क' किंवा 'चार वर्षांचा मुलगा' एवढे पुरते. आईवडिलांना आधी विचारावे आणि कशासाठी लिहितो ते साध्या शब्दांत सांगावे. फोटो किंवा व्हिडिओ मागितला असेल तर वेगळी परवानगी घ्यावी. चेहरा न दाखवता हातांचा फोटोही बहुतेक वेळा चालतो. भाचीने जाऊबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिही, पण तो तोतरा बोलतो ते लिहू नकोस." तिने ते लिहिले नाही. शिक्षिकेला तेवढे कळवले की आईच्या इच्छेने एक बाब वगळली आहे. त्याबद्दल गुण कापले गेले नाहीत. हीच जाऊबाई पुढे स्वतःहून तोतरेपणाबद्दल विचारायला आली. भाचीने तिला बालरोगतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला. विश्वास राखला म्हणून ती आली, असे आम्हाला वाटते.

'छान माहिती' म्हणजे चर्चा नव्हे

चर्चेच्या प्रश्नाची आपल्या मुलींना धास्ती वाटते. एक तर सगळ्यांसमोर लिहायचे. दुसरे, चुकले तर? म्हणून बहुतेक जणी दोनच शब्द लिहितात, 'छान माहिती' किंवा 'मी सहमत आहे'. वर्गाच्या लेखी हे हजेरी लावून निघून जाण्यासारखे आहे.

एका आठवड्याचा प्रश्न होता, चार वर्षांच्या मुलाला पाटीवर अक्षरे गिरवायला लावावीत का. भाचीने लिहिले, लावावीत, नाहीतर पहिलीत मागे पडेल आणि पालक मूल काढून दुसरीकडे घालतील. डोंगराळ भागातल्या एका अंगणवाडीताईने तिला उत्तर दिले. त्यांच्याकडे मुले आधी पाने खुडतात, माती मळतात, बिया वेचतात. बोटांत जोर आला की लेखणी आपोआप धरली जाते. भाचीला राग आला. "यांच्याकडे पालक फी देत नाहीत, म्हणून यांना सोपे जाते," असे ती आम्हाला म्हणाली. आम्ही म्हटले, तेच सभ्य शब्दांत त्यांना लिही. तिने लिहिले की तुमचे बोटांबद्दलचे म्हणणे पटते, पण आमच्याकडे पालक दर शनिवारी वही पाहायला येतात, त्यांना काय दाखवू? त्यावर सात जणींनी लिहिले. एकीने सुचवले की मुलांची चित्रे आणि मातीकाम तारीख घालून ठेवा आणि महिन्यापूर्वीचे व आजचे शेजारी ठेवून पालकांना दाखवा. भाची आता शनिवारी तेच दाखवते. सगळे पालक खूश नाहीत. दोघांनी मुले काढलीसुद्धा. पण बाकीचे थांबले आहेत.

चर्चेतले चांगले उत्तर कसे असते? सोबतिणीच्या म्हणण्यातला नेमका मुद्दा धरावा. मग आपल्या बालवाडीतला एखादा प्रसंग जोडावा, किंवा वाचलेल्या पाठातली गोष्ट आठवून द्यावी, किंवा खरा प्रश्न विचारावा. सहा-सात ओळी पुरतात. मतभेद असेल तर तो मुद्द्याशी ठेवावा, माणसाशी नको. आपल्याला हे परके वाटू नये. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शागीर्द. कितीतरी मसल्यांत त्यांनी उस्तादांहून वेगळे मत दिले, पण उस्तादांचा अदब कधी सोडला नाही. इख्तिलाफ करण्याची रीत आपल्या घरातच आहे.

भाषेचाही संकोच नको. आपल्या मुलांची घरची बोली दखनी किंवा कोकणी, बालवाडीत मराठी, मकतबात उर्दू आणि अरबी हरफ. अशा मुलाला कसे शिकवावे, हे चर्चेत आपल्याच मुली सांगू शकतात, कारण त्या तसेच वाढल्या आहेत. मुलाचे बोल निरीक्षणात जसेच्या तसे, त्याच्या बोलीत लिहावेत. 'ये एक हाय का दो' याचे शुद्ध मराठी केले असते तर त्यातले मूल हरवले असते.

थेट वर्गात कॅमेरा सुरू ठेवण्याबद्दल काही घरांतून नाराजी असते. शिक्षकांशी आधी बोलून घ्यावे. ओढणी नीट घेऊन बसता येते, किंवा आवाज सुरू ठेवून बोलता येते. कॅमेरा बंद आणि आवाजही बंद, असे मात्र करू नये. मग आपण वर्गात आहोत की नाही, हे आपल्यालाही कळत नाही.

दुसऱ्याच्या हातचे

आता खालाचीही गरज राहिलेली नाही. मोबाईलला प्रश्न टाकला की तो स्वाध्याय लिहून देतो आणि तो आमच्या चार पानांसारखाच नीटनेटका असतो. अवघड शब्दाचा अर्थ विचारायला त्याची मदत घ्यावी, वर्गाची परवानगी असेल तेवढीच. पण तुमच्या बालवाडीत आज कोण रडले, कोण पहिल्यांदा स्वतःचा डबा उघडू शकले, हे त्याला ठाऊक नाही. ते तुम्हालाच ठाऊक आहे. दुसऱ्याने लिहिलेले आपल्या नावावर दिले तर शिक्षिकेची फसवणूक होतेच. त्याहून मोठा तोटा त्या मुलांचा, कारण त्यांची बाई शिकायची राहून जाते. मुले आपल्याकडे अमानत म्हणून येतात.

घरच्यांनाही एक विनंती. जमातीत मागे मूल रडू लागले तर आईच्या जिवाची घालमेल ओळखून नमाज थोडक्यात आटोपणाऱ्या आणि नातीला खांद्यावर घेऊन नमाज पढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची आपण उम्मत आहोत. सुनेचा वर्ग चालू असताना मूल रडले, तर "बंद कर तो फोन" म्हणण्याआधी कुणीतरी त्या मुलाला उचलून घ्यावे. दादाने, चाचाने, बापाने घेतले तरी ते मूल गप्प होते.

नाव घालण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रमाणपत्र कोण देणार आणि ते नोकरीला चालते का? फी एकूण किती, परीक्षेची वेगळी आहे का? स्वाध्याय कोणत्या भाषेत लिहिता येतात? आणि तुमचे लिखाण वाचून शेरा देणारे माणूस कुणी आहे का? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळत असेल तर त्या चार गुणांच्या शेऱ्यासारखे कुणी तुम्हाला थांबवणार नाही.

त्या पहिल्या स्वाध्यायाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. ईदनंतर भाचीचा फोन आला. "खाला, तो पहिला स्वाध्याय मी लिहिला नव्हता, हे मी मॅडमना सांगून टाकते." आमच्या पोटात गोळा आला. आमचे नाव, आमची नोकरी, लोक काय म्हणतील, सगळे क्षणात डोळ्यांपुढून गेले. थोडा वेळ आम्ही काहीच बोललो नाही. मग म्हटले, "सांग. आणि लिहून दिला तो खालाने, हेही सांग."

तिने सांगितले. मिळालेले चार गुण गेले. पुन्हा लिहायला आठ दिवस मिळाले. या वेळी तिने दोनच पाने लिहिली आणि त्यांत तिच्या बालवाडीतली पाच मुले होती. सहा गुण आले. ती पाने तिने आम्हाला पाठवली, तपासायला नव्हे, फक्त वाचायला. आम्ही दोनदा वाचली. दुसऱ्या पानावर शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या आम्ही तशाच राहू दिल्या.

अल्लाह आपल्या शिकणाऱ्या मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो आणि त्यांना मदत करणाऱ्या आमच्यासारख्यांना कुठे थांबावे याची समज देवो. आमीन.